पडल्या घराचं लाकूड

२ जुलै २०११, शनिवार

तीन पाती मोडली आज. तीन! आणि तिन्ही वेळा अनंतरावांचं तेच – "विशाखाताई, ढकलू नका. पात्याला खाऊ द्या हो."

चौतीस वर्षं बँकेत लोकांचे अर्ज दाबून बसलेल्या माणसाने मला सबुरी शिकवावी! पण बरोबर तेच होतं. लाकूड पुढे रेटलं की पातं वाकतं, तापतं आणि टण्णकन जातं. लाकूड फिरवायचं, पात्याला फिरवायला जायचं नाही. आणि काम सुरू करायच्या आधी पातं बोटाने छेडून बघायचं – तंबोऱ्याच्या तारेसारखं वाजलं तर ताण बरोबर, भदभद वाजलं तर आणखी कसायचं. हे मीच शिवकन्येला शिकवलं आणि आज मीच विसरले.

शिवकन्या जवळच्या मुरुडहून येते. शेतातलं उरकून, दुपारच्या एसटीने. प्लायवूडमधून देवणी बैल असे कापते की वशिंड बघूनच जात कळावी. आज माझ्या मोडक्या पात्यांकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमी मशीनला बी रागावता का?" अनंतराव हसून हसून खोकले. नांदेडहून साडेतीन तास एसटीत हाडं खिळखिळी करून येतात, रात्री इथल्या लेकीकडे मुक्काम. स्क्रोल सॉच्या, या बारीक पात्याच्या करवत-मशीनच्या नादाने म्हातारपण सुखात चाललंय, म्हणतात.

शनिवारी माझ्याकडे जमणाऱ्या आम्हा चौघांतले चौथे गुरुबसप्पा गुरुजी. निलंग्याकडचे, भूकंपातल्या गावचे. बायको आणि थोरला मुलगा गेला. ते मशीनला हात लावत नाहीत. हातआरीनेच कापतात, खिडकीशी बसून. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "टेबल थरथरतं अक्का. मला न्हाई जमत." पुन्हा कुणी विचारलं नाही.

शेजारच्या भागवत सरांच्या क्लासमधून चिठ्ठी आली – टेस्ट चालू आहे, आवाज बंद ठेवावा. चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पाठवलं – सकाळी सहाला तुमच्या साडेतीनशे मुलांच्या गाड्या माझ्या खिडकीखाली भुंकतात, तेव्हा कोणाची टेस्ट असते?

३ जुलै

क्लासच्या भिंतीवर नवा फ्लेक्स. चौदा मुलांचे फोटो, सगळ्यांचे डोळे झोपेचे. त्या फ्लेक्सखाली कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग आहे, त्र्याण्णवच्या भूकंपाची. सिमेंट भरून रंग दिला म्हणून काय झालं! आमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात अशा भेगांचे नकाशे मीच काढत होते. या गावात रस्त्याने चालताना मला अजून रंगाखालचंच दिसतं.

९ जुलै, शनिवार

गुरुजी आज टेम्पो करून आले. वाकळेत गुंडाळलेली चार हात लांब तुळई. चौघांनी उचलली तरी माझी कंबर गेली.

"घरची हाय," म्हणाले. "एवढीच उरली."

पुनमला – त्यांची मुलगी, नांदेडला दिली आहे – दिवस गेले आहेत. सप्टेंबरअखेर बाळंत होईल. आई नाही म्हणून माहेरी यायचं नाही, तिथेच सासरी. गुरुजींना पाळणा द्यायचा आहे, या तुळईचा. चारी बाजूंना जाळी. भूकंप झाला तेव्हा पुनम सहा वर्षांची, देवणीला मामाकडे होती म्हणून वाचली. नंतर कित्येक महिने म्हणायची, आपल्या घरातलं काहीतरी द्या. ही तुळई त्यांनी नव्या गावात पत्र्याखाली अठरा वर्षं जपून ठेवली.

गावातले म्हणतात, पडल्या घराचं लाकूड पाळण्याला लावत नसतात. त्यानेच माणसं मारली.

मी ओरडलेच – "लाकडाने माणसं नाही मारली गुरुजी! डोक्यावर अडीच फूट मातीचं माळवद आणि गोल दगडांच्या भिंती, त्याने मारली. आणि ज्यांना हे कळत होतं आणि जे गप्प बसले, त्यांनी मारली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्यायले.

अनंतरावांनी पिशवीतून लोहचुंबक काढलं आणि तुळईवरून इस्त्रीसारखं फिरवलं. जुन्या लाकडात खिळे असतात, वरून दिसत नाहीत, पात्याला एकच पुरतो. सात निघाले. शिवकन्येने पाठकोऱ्या कागदावर तिथल्या तिथे जाळी काढली – जोंधळ्याची कणसं, एकात एक गुंतलेली. फार सुंदर. मी हो म्हटलं. कापणार मीच, गुरुजींना मशीन चालत नाही.

मग वाकळेचं शेवटचं टोक सुटलं. तुळईच्या टोकाला दोन पोपट कोरलेले. पाठीला पाठ. डावीकडच्याचा डोळा कोरलेला नाही – कारागिराने लाकडातल्या गाठीचाच डोळा केला आहे.

मी हा पोपट पाहिला आहे.

"हे टोक कापून टाका अक्का," गुरुजी म्हणाले. "पुनमला दिसू देऊ नका."

१० जुलै

सगळा माळा उपसला. नाक धुळीने भरलं. वही सापडली.

२३ ऑक्टोबर १९९२. निलंग्याकडचं तेच गाव. खाली माझ्या पेन्सिलीने काढलेले दोन पोपट, पाठीला पाठ, डाव्याच्या डोळ्याला गाठ. घरमालकाचं नाव नाही.

त्या महिन्यात तिकडे जमीन गुरगुरत होती. लोक पंधरा दिवस अंगणात, रस्त्यात झोपत होते. वरून सांगणं आलं – फिरा, घरं बघा, लोकांना धीर द्या. आमची जीप. ओव्हरसियर जीपमध्ये बसून सिगारेट ओढत होता, घरात मला पाठवलं, "तुम्ही बाई आहात, बायकांशी बोला."

हिरवं लुगडं. कपाळावर गोंदण. कडेवर मूल, पदराला आणखी एक. मला बसायला पोतं झटकून दिलं. गुळाचा खडा दिला. विचारलं, "बाई, आत झोपावं का? लेकरं गारठलीत."

मी वर बघितलं. पोपट दिसले, ते वहीत काढले. आणि त्यांच्या शेजारी माझ्याच अक्षरात आकडेमोड आहे. एका खणावर मातीचं वजन. मी ते काढलं होतं. मला माहीत होतं.

आणि म्हणाले, "झोपा आत. काही होत नाही."

अकरा महिन्यांनी झालं. अकरा महिने म्हणजे काय कमी आहेत? मधे शंभर जणांनी शंभर गोष्टी सांगितल्या असतील. मी कोण? ऑफिसातली साधी ड्राफ्ट्समन. हे मी अठरा वर्षं स्वतःला सांगते आहे. तोंडपाठ झालंय, क्लासच्या मुलांसारखं.

म्हणजे ती गुरुजींची बायको. आणि पदराला होता तो त्यांचा मुलगा. कडेवरची पुनम. तेव्हा पाचाची असेल, कडेवर घेण्याएवढी लहान नव्हे, पण आजारी असेल. मुलं आजारी असली की कडेवरच असतात.

१६ जुलै, शनिवार

वखारीत नेऊन तुळईच्या अर्धा इंची फळ्या काढून आणल्या. पोपटांचं टोक वेगळं केलं. "हे काय करायचं?" म्हणून विचारलं तर गुरुजी बघेचनात. "ठेवा कुठंबी."

माझ्या कपाटावर ठेवलं आहे.

अनंतरावांनी फळ्यांवर आधी पॅकिंग टेप चिकटवायला लावली, वर नक्षीचा कागद. टेपमुळे पातं घासत नाही, लाकूड जळून काळं पडत नाही. शिवकन्या म्हणाली, "काका, ही गोष्ट तुमी आम्हाला दोन वर्षं सांगितली न्हाई!" ते म्हणाले, "सगळं एकदम सांगितलं तर तुम्ही मला चहा कशाला पाजाल?"

हसले सगळे. मीही हसले. कपाटाकडे पाठ करून बसले होते.

२० जुलै

एकटीने कापत होते, दुपारी. आतली नक्षी म्हणजे आधी बारीक भोक पाडायचं, पातं सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा कसायचं, छेडून बघायचं. एका जाळीला बावन्न भोकं. बावन्न वेळा.

सागवानाचा वास सगळ्यांना ठाऊक. हा तो नव्हे. पातं आत गेलं की धूर येतो – लाकूड जळल्याचा नाही, चुलीचा. तव्यावरच्या भाकरीचा. वर्षानुवर्षांचा धूर त्या लाकडात बसला आहे आणि आता माझ्या खोलीत सुटतो आहे. मशीन बंद केलं तरी टेबलावर हात ठेवला तर थरथर लागते. पाणी भरून पेला ठेवून बघितला. पाणी स्थिर. थरथर माझ्या हातातच होती.

२१ जुलै

डोळ्याची गाठ माझ्याकडे बघते. तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

२२ जुलै

पुन्हा सरळ ठेवलं. घाबरायचं काय त्यात! सेंट कुणाच्यातरी शाळेतली मुलगी ना मी. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात अंधाऱ्या प्रेयर रूममध्ये एकटीला बसवायचे, तेव्हासुद्धा रडले नव्हते.

३० जुलै, शनिवार

एक कणीस मोडलं. शेवटच्या बाजूचं, अगदी टोकाला. अनंतरावांनी बघितलं. मग सरस घेतला, त्याच फळीचा बारीक भुसा त्यात कालवला, चीर भरली, ओल्या बोटाने पुसली. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. दिसतसुद्धा नाही!

"त्याच लाकडाचा भुसा पाहिजे हां," म्हणाले. "दुसऱ्याचा भरला की डाग दिसतो जन्मभर."

शिवकन्या माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तुमचा हात कधीपासून थरथरायलाय?"

"म्हातारपण," म्हटलं.

"जूनमध्ये तर नव्हतं म्हातारपण."

फार आगाऊ आहे ही. पण कुणाला नाही दिसलं, हिलाच दिसलं.

६ ऑगस्ट, शनिवार

आज पाऊस, शिवकन्येची एसटी चुकली, अनंतराव आले नाहीत. गुरुजी आणि मी, दोघंच. ते हातआरीने पाळण्याच्या कडीची लाकडी फुलं कापत होते. आपण होऊन बोलायला लागले. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा.

भूकंपाच्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी आले होते. दमले होते. आदल्या वर्षी सगळे बाहेर झोपायचे, मग हळूहळू भीती मेली. ते स्वतः शाळेच्या कामाने उदगीरला होते. परत आले तर गल्ली कुठली ते ओळखू येईना. "घर हुडकायला मला तीन तास लागले अक्का. मी त्या गल्लीत जन्मलो हाय."

मी विचारलं, "तुमच्या घरच्यांना कुणी सांगितलं होतं का, आत झोपा म्हणून?"

आरी थांबली. "का हो?"

"सहज."

"सांगत होते कुणीकुणी," म्हणाले. "येत होते जीपा."

झालं. तेवढंच. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी चहा टाकायला उठले. चहा टाकायला! धिक्कार असो.

२७ ऑगस्ट, शनिवार

पाळणा उभा राहिला. एक खिळा नाही, सगळी खाचेची जोडणी. अनंतरावांनी धक्का दिला तर आवाज न करता झुलला. शिवकन्येने टाळ्या वाजवल्या, म्हणाली, "मी बसून बघू का?" चांगली साठ किलोची आहे.

गुरुजींनी पुनमला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मुलीचा आवाज दमलेला, पण गोड. "मावशी, बाबांनी सांगितलं मला. आमच्या घराचं तेवढंच उरलंय बघा. मला तर घर आठवत बी न्हाई नीट. बाळाला म्हणीन मी, ही तुझ्या आजीच्या डोक्यावरची सावली होती."

फोन ठेवला. सावली!

आता सांगितल्याशिवाय तो पाळणा माझ्या घरातून जाऊ देणार नाही. गुरुजी नको म्हणाले तर फोडून जाळेन. पण माझ्या हातचा म्हणून, काही न कळता, ती मुलगी बाळाला त्यात निजवणार – नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं.

लहानपणी शाळेत कन्फेशनची लाकडी खोली होती. ख्रिश्चन मुली रांगेने आत जायच्या, बाहेर येताना हलक्या होऊन यायच्या. मी सिस्टरना विचारलं, मी जाऊ? म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही ते. मधे बारीक नक्षीची जाळी असायची, पलीकडचा चेहरा दिसू नये म्हणून. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं जाळीकाम ते. आज ती जाळी हवी होती. गुरुजी समोर बसले होते, उजेडात, हातात चहाचा पेला.

"तुमच्या घरी आले होते मी. ब्याण्णव साली. तुमच्या मंडळी होत्या. आत झोपू का म्हणून विचारलं. मी झोपा म्हणाले. गुरुजी, मी तेव्हा छताचं वजन काढलं होतं. वहीत आहे. तरी म्हणाले."

गुरुजींनी विचारलं, "पोपटाच्या घरात?"

"हो. त्याच."

"हिरवं लुगडं? हितं गोंदलेलं?" कपाळाला बोट लावलं.

"हो."

पेला खाली ठेवला. हात दोन्ही गुडघ्यांवर. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चेहरा असा झाला की जणू मी नाही, त्यांनीच काही केलं आहे. उठले. चपला घातल्या.

"पाळणा?" मी म्हटलं.

"राहू द्या सध्या अक्का."

गेले.

१० सप्टेंबर, शनिवार

आले नाहीत.

अनंतराव आणि शिवकन्येला सगळं सांगितलं. अनंतराव चष्मा पुसत बसले. शिवकन्या भडकली – "मावशी, अठरा वर्षं गिळलं होतं तर आणखी एक महिना गिळवलं न्हाई? लेकरू होऊ द्यायचं! तुमाला हलकं व्हायचं होतं, झालात. त्यांचं काय?"

खरं आहे. मीही रांगेतून बाहेर पडून हलकी होऊन यायला निघाले होते.

जाताना मात्र माझ्या हातावर हात ठेवून गेली.

१७ सप्टेंबर, शनिवार

आले नाहीत. फोन उचलत नाहीत. खिडकीतली त्यांची खुर्ची तशीच. खाली भुसा आहे, झाडला नाही.

हलकं वगैरे काही वाटत नाही. पूर्वी डोळे मिटले की ती एकटी यायची, हिरव्या लुगड्यात, गुळाचा खडा घेऊन. आता तिच्या मागे गुरुजी उभे असतात.

२४ सप्टेंबर, शनिवार

पुनमला मुलगी झाली. गुरुवारी. अनंतराव दवाखान्यात जाऊन बघून आले. "नाक गुरुजींचं," म्हणाले. "पाळण्याचं विचारत होती. काय सांगू?"

गुरुजी तिथे होते. अनंतरावांशी बोलले, बाळाबद्दल, पावसाबद्दल. माझं नाव निघालं तसे बाहेर जाऊन उभे राहिले.

बारसं चार तारखेला. पाळणा माझ्या खोलीत, वर चादर. गुरुजींच्या तोंडून हो आल्याशिवाय मी तो हलवणार नाही.

३० सप्टेंबर

आज तारीख तीच, भूकंपाची. क्लासला सुट्टी नाही. मुलं मोठ्याने काहीतरी पाठ करत होती. मी खिडकी लावून घेतली.

३ ऑक्टोबर, सोमवार

पोस्टकार्ड. गुरुजींचं शाळामास्तरी अक्षर, एकही खाडाखोड नाही. जसंच्या तसं उतरवते.

"अक्का, ते लाकूड माझ्या घरचं नाही. माझ्या घराचं काहीच मिळालं नाही. लेकरू घरातलं काहीतरी द्या म्हणून रडत होतं. शेजारच्या घराची तुळई ढिगाऱ्यातून वर निघाली होती, ती उचलून आणली आणि आपली म्हणून सांगितली. पुनमने पोपट ओळखले असते म्हणून टोक झाकून ठेवलं. तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्या लक्ष्मम्मा. घरात सहा माणसं. एकही उरलं नाही. त्यामुळे लाकूड मला कुणी मागितलं नाही, आणि तुम्हाला माफ करायलाही कुणी नाही. मी कोण माफ करणार? मी तर चोर. त्या दिवशी तुम्ही खरं बोललात आणि माझ्याने खरं बोलवलं नाही, म्हणून आलो नाही. पाळणा द्यायचा का, पुनमला काय सांगायचं, मला सुचत नाही. तुम्ही ठरवा."

दोनदा वाचलं. मग पाळणा पालथा केला. आम्ही चौघं कामाच्या तळाला लिहितोच, लाकूड कुणाचं ते. पेन्सिलीने, पुसणार नाही असं दाबून लिहिलं – लक्ष्मम्माच्या घरचं.

अनंतरावांना फोन केला. न्यायला येऊ नका म्हटलं, मी स्वतः येते. उद्या पहिल्या एसटीने पाळणा घेऊन नांदेडला. पुनमला तळ आधी दाखवीन. मग ती म्हणेल तर बाळ त्यात.